‘स्टेज’ कवितेचे अध्यापन : मुक्त प्रश्न, चर्चा आणि अर्थनिर्णय

कविता शिकविणारा प्राध्यापक वर्गात प्रश्न विचारत नाही असे नाही. तो पुष्कळ प्रश्न विचारतो. कवितेची मध्यवर्ती कल्पना कोणती, येथे कोणती प्रतिमा आली आहे, कवीचा जीवनविषयक दृष्टिकोन कसा आहे, असे प्रश्न तासातासाला ऐकू येतात. मात्र त्यांची उत्तरे प्राध्यापकाच्या टिपणवहीत आधीच लिहिलेली असतात, आणि ती तशी आहेत हे विद्यार्थ्यांनाही ठाऊक असते. परिणामी विद्यार्थी कवितेच्या ओळींकडे पाहण्याऐवजी प्राध्यापकाच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तराचा अंदाज बांधतो. उत्तर जुळले की मान डोलावली जाते, न जुळल्यास पुढच्या बाकाला विचारले जाते. या व्यवहाराला प्रश्नोत्तरे म्हणता येईल, चर्चा म्हणता येणार नाही.

ज्या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याने आधीच ठरविलेले नाही आणि ज्याचा निर्णय कलाकृतीकडे पुन्हा जाऊनच करावा लागतो, अशा प्रश्नाला प्रस्तुत लेखात ‘मुक्त प्रश्न’ म्हटले आहे. कलाकृतीचा अर्थ लावण्यास विद्यार्थ्याला समर्थ करण्यासाठी या प्रश्नाचा उपयोग कसा होतो आणि तो करताना नंदुरबारसारख्या जिल्ह्यात कोणती विशेष अडचण उभी राहते, याचा विचार येथे करावयाचा आहे. उदाहरण म्हणून वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता घेतली आहे. कवी याच जिल्ह्यातील आहे, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे असून ते पुढे ओघात येईल.

या पद्धतीचा पाश्चात्त्य इतिहास थोडक्यात सांगता येतो. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिज विद्यापीठातील विद्यार्थ्यांना तेरा कविता कवींची नावे न देता वाचावयास दिल्या आणि त्यांचे लेखी अभिप्राय तपासून १९२९ मध्ये ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हा ग्रंथ सिद्ध केला. कवीचे नाव आणि कीर्ती यांचा आधार काढून घेताच चांगले शिकलेले विद्यार्थीही कवितेचा सरळ शब्दार्थ चुकतात आणि तिच्या जागी स्वतःजवळचे ठरीव प्रतिसाद ठेवतात, असे त्यांना आढळले. रिचर्ड्स यांची दृष्टी निदान करणाऱ्या वैद्याची होती. वाचकाचे दोष त्यांना पाहावयाचे होते. १९३८ मध्ये लुईस रोझेनब्लॅट यांनी ‘लिटरेचर अ‍ॅज एक्सप्लोरेशन’ या ग्रंथात वाचकाचा अनुभव आणि संहिता यांच्या परस्परव्यवहारातून कविता घडते, असा विचार मांडला आणि वाचकाकडे पाहण्याची दृष्टी पालटली. चित्रकलेच्या क्षेत्रात हेच काम मानसशास्त्राच्या अभ्यासक अ‍ॅबिगेल हाउसेन आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिक्षणविभाग सांभाळलेले फिलिप येनावाइन यांनी केले. त्यांची पद्धत तीन प्रश्नांवर उभी आहे. चित्रात काय चालले आहे, हा पहिला. असे तुम्ही चित्रातील कशावरून म्हणता, हा दुसरा. आणखी काय सापडते, हा तिसरा. चर्चा चालविणारा स्वतः चित्राविषयी मत देत नाही. प्रत्येकाचे म्हणणे तो आपल्या शब्दांत पुन्हा मांडतो आणि एकाचे म्हणणे दुसऱ्याशी जोडून दाखवितो.

या तिघांपैकी दुसरा प्रश्न पद्धतीचा कणा आहे. ‘कशावरून?’ हा प्रश्न गाळला तर उरते ते केवळ मतप्रदर्शन, आणि मुक्त चर्चेवर सर्वांत अधिक घेतला जाणारा आक्षेप तेथे खरा ठरतो. प्रत्येकाचा अर्थ बरोबर मानावयाचा असेल तर शिकविण्यासारखे काय राहिले, असे ज्येष्ठ सहकारी विचारतात. आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मात्र न्यूयॉर्कला जाण्याची आवश्यकता नाही. अनेकार्थी शब्दाचा प्रस्तुत अर्थ कशाने ठरतो याची यादीच भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त दिलेली आहे. संयोग, विरोध, प्रकरण, शेजारच्या शब्दाचे सान्निध्य, औचित्य, देश, काल ही त्यांतली काही गमके. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त याच यादीचा आधार घेतला. शिवाय सूर्यास्त झाला एवढेच सांगणाऱ्या एका साध्या विधानातून निरनिराळ्या श्रोत्यांना निरनिराळे अर्थ कसे प्रतीत होतात, हे त्याने दाखविले. संध्यावंदनाची वेळ झाली, काम थांबवावे, गुरे घरी आणावीत, अभिसारास निघावे, असे ते अर्थ आहेत. येथे अर्थ अनेक आहेत, पण वाटेल तो अर्थ नाही. कोण बोलतो, कोणाला बोलतो आणि कोणत्या प्रसंगी बोलतो, यांवरून प्रत्येक अर्थाचे समर्थन करावे लागते. आपल्या विद्यार्थ्यांना काव्यशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत व्यंजना पाठ असते आणि कवितेच्या प्रश्नपत्रिकेत ती आठवत नाही, याचे कारण या दोन तासिकांमध्ये आपण उभी केलेली भिंत आहे.

प्रत्यक्ष अध्यापनात कवितेपूर्वी एखादे चित्र घ्यावे, असा प्रस्तुत लेखकाचा आग्रह आहे. कवितेसमोर विद्यार्थी बिचकतो, कारण तिला ‘बरोबर अर्थ’ असतो आणि तो बाजारातल्या मार्गदर्शिकेत छापलेला असतो, असे तो शाळेपासून शिकलेला असतो. चित्राची मार्गदर्शिका त्याने पाहिलेली नसते. वारली शैलीतील तारपानृत्याचे चित्र यासाठी फार उपयोगी पडते. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जाणारी ही चित्रे मुळात लग्नविधीशी जोडलेली आणि सवाशिणींच्या हातची होती. १९७०नंतरच्या दशकात जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ती कागदावर आणि मग जगभर गेली. ही माहिती चर्चेच्या आरंभी सांगू नये. चित्र समोर ठेवावे आणि काय चालले आहे एवढेच विचारावे. पहिली उत्तरे वर्णनाची येतात. माणसे नाचत आहेत, मध्ये एकजण वाजवीत आहे. ‘कशावरून?’ विचारले की दृष्टी बारकाव्यांकडे वळते. नाचणाऱ्यांचे हात एकमेकांच्या कमरेमागे गुंफलेले आहेत. सर्वांची डोकी सारख्याच आकाराची आहेत. कडे पुरते मिटलेले नाही, ते वेटोळ्यासारखे उलगडत गेले आहे, म्हणजे बाहेरच्याला त्यात शिरता येईल. येथवर वर्ग पोचला की एखादी विद्यार्थिनी हळूच म्हणते, ‘यात पाहणारे कुठे आहेत?’ चित्रात प्रेक्षक नाहीत. वाजविणारा मध्यभागी आहे, पण उंचावर नाही. चौथरा नाही, मंच नाही. हे निरीक्षण फळ्यावर लिहून ठेवावे व पुढच्या तासाला ‘स्टेज’ वाचावयास घ्यावी.

वाहरू सोनवणे हे शहादा परिसरातील भिल्ल समाजातले कवी. १९७२ मध्ये शहाद्यात उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेच्या कामात ते कार्यकर्ते म्हणून वावरले. ‘गोधड’ हा त्यांचा कवितासंग्रह १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘स्टेज’ ही त्यातली बहुधा सर्वांत प्रसिद्ध कविता असून ती हिंदी व इंग्रजी भाषांतरांतून महाराष्ट्राबाहेरही पोचली आहे. आकाराने ती लहान आहे. बोलणारा निवेदक बहुवचनी आहे. त्याला व त्याच्या माणसांना मंचावर बोलावणे नाही. खुणेने त्यांची खालची जागा दाखविली जाते. वर उभे असलेले लोक यांचेच दुःख यांनाच ऐकवीत राहतात आणि ते दुःख मात्र यांच्याकडेच राहते. खाली बसलेल्यांना एक शंका येते आणि ती ते पुटपुटतात. मग वरून दटावणी होते व कविता एका अपुऱ्या धमकीवर थांबते.

रूढ पद्धतीने ही कविता दहा मिनिटांत ‘होते’. आदिवासींचे शोषण, प्रस्थापितांचा ढोंगीपणा, विद्रोही जाणीव, साधी शब्दकळा, असे चार मुद्दे सांगितले की टिपण पूर्ण झाले. यांतला एकही मुद्दा खोटा नाही. पण हे मुद्दे सांगणारा प्राध्यापक सिमेंटच्या चौथऱ्यावर उभा असतो, समोर अक्कलकुवा, धडगाव, नवापूर येथून आलेली मुले बाकांवर बसलेली असतात, आणि तो त्यांना त्यांचे दुःख समजावून सांगत असतो. कविता जे दाखविते तेच वर्गात घडत असते. ही कविता निवडण्याचे दुसरे कारण हेच. तिचे व्याख्यान करता येते, परंतु व्याख्यान करताच व्याख्याता तिच्यातले एक पात्र बनतो.

तेव्हा आरंभ शीर्षकापासून करावा. कवीने ‘व्यासपीठ’ किंवा ‘मंच’ न म्हणता ‘स्टेज’ का म्हटले असावे? हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. गावात कार्यक्रम असला की सर्वजण स्टेजच म्हणतात, व्यासपीठ हा शब्द निमंत्रणपत्रिकेत असतो, असे पहिले उत्तर बहुधा येते. त्यावर दुसरा म्हणतो की व्यासपीठ या शब्दात व्यास आहेत, पुराण सांगणारे आहेत, आणि पुराण ऐकणाऱ्याने मध्येच शंका काढावयाची नसते. तिसऱ्याला वाटते की शब्द परका आहे, कारण ती वस्तूच परकी आहे. एखादा विद्यार्थी शीर्षकावरून ही कविता नाटकाविषयी आहे असे धरून चालतो. त्याला ‘चूक’ म्हणण्याची घाई करू नये. ‘कशावरून?’ विचारावे. तो ओळी चाळतो, नट सापडत नाहीत, संवाद सापडत नाहीत, भाषणे सापडतात, आणि आपला अर्थ तो स्वतःच मागे घेतो. मात्र मागे घेताना, वर उभी असलेली माणसे दुःखाचे सोंग तर करीत नसतील, असे म्हणून जातो. नाटकाचा अर्थ गेला, अभिनयाचा राहिला. रिचर्ड्स यांनी ज्याला वाचनदोष म्हटले असते त्यातून कवितेतला उपरोध हाती लागला.

दुसरा प्रश्न मंचावरच्या माणसांचा. कविता त्यांना नाव देत नाही. ती सर्वनामावर थांबते. ही माणसे कोण? पुढारी, हे उत्तर तत्काळ येते. मग अधिकारी, कार्यकर्ते, लेखक, संस्थाचालक, असे उत्तर सरकत जाते. संघटनेच्या चळवळीतील बाहेरून आलेले सुशिक्षित कार्यकर्ते हा एक संभाव्य अर्थ कवीच्या चरित्रावरून सुचतो आणि अभ्यासकाला तो नजरेआड करता येणार नाही. पण चरित्राची ही किल्ली तासाच्या आरंभी हाती दिली तर सर्वनामाचे दार एकाच बाजूला उघडते. ती चर्चेच्या उत्तरार्धात द्यावी, आणि दिल्यावर, या माहितीने आधीच्या अर्थांपैकी कोणते बळकट झाले व कोणते गळाले, असे विचारावे. माहितीचा प्रश्न आणि अर्थाचा प्रश्न यांतला हा भेद पाळला गेला नाही म्हणून मुक्त चर्चेचे पुष्कळ प्रयोग फसतात. श्रमिक संघटना केव्हा स्थापन झाली, हे विद्यार्थ्यांकडून ‘काढून घेण्यात’ अर्थ नाही. ते सरळ सांगावे. कवितेतील सर्वनाम कोणाकडे बोट दाखविते, हे मात्र सांगू नये. आणि केव्हा तरी मागच्या बाकावरून उत्तर येते की वर्गात जो उभा आहे तोही त्यांतलाच. त्या क्षणी प्राध्यापकाने हसून विषय बदलला तर चर्चा संपली असे समजावे. त्यालाही ‘कशावरून?’ हाच प्रश्न करावा, आणि विद्यार्थी जी गमके देईल, चौथरा, हजेरीपुस्तक, प्रमाण भाषा, ती इतर गमकांप्रमाणेच फळ्यावर लिहावीत.

प्रमाण भाषेचा उल्लेख आला, तो थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार हा बहुभाषी जिल्हा आहे. २०११च्या जनगणनेनुसार येथील जवळजवळ ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. सातपुड्यात पावरी, पश्चिमेकडे मावची, अक्कलकुव्याच्या बाजूस देहवाली, सपाटीवर अहिराणी व गुजरी, अशा बोली घेऊन विद्यार्थी मराठीच्या वर्गात येतो. हाउसेन व येनावाइन यांची पद्धत सांगते की विद्यार्थ्याचे म्हणणे शिक्षकाने आपल्या शब्दांत पुन्हा मांडावे, म्हणजे बोलणाऱ्याला आपण ऐकले गेलो असे वाटते. तेथे ते योग्य असेल. येथे त्याचा परिणाम उलटा होण्याचा संभव असतो. पावरी वळणाच्या मराठीत विद्यार्थिनी एक वाक्य बोलते, प्राध्यापक ते सुघड प्रमाण मराठीत ‘म्हणजे तुला असे म्हणायचे आहे’ या प्रस्तावनेसह परत करतो, आणि तिचे वाक्य त्याचे होऊन जाते. वर उभे राहून खालच्याचे त्यालाच ऐकविणे ते आणखी कोणते? म्हणून या एका बाबतीत मूळ पद्धतीत बदल करावा असे वाटते. पुनर्कथन प्राध्यापकाने न करता दुसऱ्या विद्यार्थ्याकडे सोपवावे व मूळ बोलणाऱ्याला ते मान्य आहे का हे विचारावे. फळ्यावर लिहिताना शब्द तिचेच ठेवावेत. बोलीतला शब्द आला तर त्याचा प्रतिशब्द वर्गाने मिळून शोधावा. तो शोध हेसुद्धा अर्थनिर्णयाचेच काम आहे. बहिणाबाई चौधरींच्या कवितेत हा अनुभव सुखाचा असतो, कारण ‘घरोट’ म्हणजे जाते हे खानदेशी विद्यार्थ्याला तळटीप न पाहता कळते आणि शहरात शिकलेल्या प्राध्यापकाला तळटीप लागते. ‘स्टेज’मध्ये अवघड शब्द नाहीत. अवघड आहे ते मौन.

याच्या विरुद्ध टोकाचाही एक धोका आहे आणि तो सद्भावनेतून येतो. ‘तुम्ही आदिवासी आहात, तुम्हीच सांगा’ असे म्हणून एखाद्या विद्यार्थ्याला उभे केले जाते. प्रश्न मुक्त दिसतो, पण त्यात उत्तर देणाऱ्याची भूमिका ठरवून टाकलेली असते. त्याने दुःखच सांगावयाचे असते, आणि तेही साऱ्या जमातीच्या वतीने. त्याला कदाचित कवितेतील ओळींच्या लांबीविषयी बोलावयाचे असेल. त्याच वर्गात गुजर शेतकऱ्याचा मुलगा असतो. शहाद्याच्या जमीनप्रश्नाचा इतिहास त्याच्या घरी वेगळ्या बाजूने सांगितला गेलेला असतो, आणि ‘वर उभी असलेली माणसे कोण’ हा प्रश्न निघाला की तो खाली पाहू लागतो. त्याच्याकडूनही साक्ष मागू नये. दोघांनाही संहितेतला पुरावा मागावा. ‘कशावरून?’ हा प्रश्न येथे शिस्तीइतकाच संरक्षणाचाही आहे. तो बोलणाऱ्याला जातीच्या किंवा जमातीच्या वतीने बोलण्याच्या ओझ्यातून सोडवितो आणि वाचक म्हणून उभे करतो. अनुभव सांगावयाचा की नाही, हे मग ज्याचे त्याने ठरवावे. पुष्कळदा तो सांगितला जातोही, पण तासानंतर, व्हरांड्यात.

वर्गातील शांततेविषयीही एक शब्द. मुक्त प्रश्न टाकल्यावर पहिला अर्धा मिनिट कोणी बोलत नाही. हा अवधी प्राध्यापकाला असह्य होतो, आणि बहुतेक वेळा तोच उत्तर देऊन टाकतो. थांबावे. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासिकेत हे परवडत नाही असे म्हटले जाते. पण चार कविता चार तासांत ‘उरकण्या’ऐवजी एका कवितेला दोन तास दिले तर उरलेल्या तीन विद्यार्थी स्वतः वाचतात, असे दिसून येते. संख्या मोठी असेल तर पाच-पाच जणांचे गट करून आधी आपसांत बोलू द्यावे. आपसांतले ते बोलणे बोलीत होते, आणि व्हावे.

वर्गाबाहेरची खरी अडचण परीक्षेची. रसग्रहणाच्या प्रश्नाला मार्गदर्शिकेतले उत्तर लिहिणाऱ्यास गुण मिळतात आणि स्वतःचा अर्थ मांडणाऱ्यास ते मिळण्याची खात्री नसते, तोवर विद्यार्थ्याने धोका का पत्करावा? अंतर्गत मूल्यमापन जेथे विभागाच्या हाती आहे तेथे हे बदलता येते. न शिकविलेली, कवीचे नाव नसलेली एक छोटी कविता छापून द्यावी. तिच्याविषयी एक विधान करा, ते ज्या तीन गमकांवर उभे आहे ती दाखवा, आणि त्या विधानाच्या विरुद्ध जाणारी एक ओळ कवितेत असल्यास तीही नोंदवा, असा प्रश्न द्यावा. तपासणी करताना विधान परीक्षकाला पटते की नाही याला गुण ठेवू नयेत. गमकांना ठेवावेत, आणि विरुद्ध जाणारी ओळ प्रामाणिकपणे नोंदविणाऱ्यास अधिक.

‘स्टेज’वर असा प्रश्न घेतला तर विरुद्ध जाणारी ओळ म्हणून बहुतेक विद्यार्थी शंकेची जागा दाखवितात. सारी कविता गप्प बसविलेल्यांची आहे असे विधान केले, तर मग ही माणसे शंका पुटपुटतात ती कशी? आणि ती पुटपुट वर उभ्या असलेल्यांच्या कानांपर्यंत पोचते ती कशी? ज्याला दटवावे लागते तो पुरता गप्प नसतो, असे एका उत्तरपत्रिकेत लिहिलेले होते. शेवटच्या अपुऱ्या वाक्याविषयी उत्तरे तीन प्रकारची येतात. काहीजण ते पूर्ण करतात, मार मिळेल किंवा हाकलून देतील असे. काहीजण म्हणतात की धमकी पूर्ण करण्याची गरज नाही, कारण ऐकणाऱ्यांना ती पाठ आहे. आणि काहीजण लिहितात की वाक्य तोडणारा वरचा माणूस नाही, कवी आहे. त्याने त्याला पुढे बोलू दिले नाही.